मांजराचे जुलाब थांबत नाहीत तेव्हा

माणसांच्या आरोग्याच्या या सदरात आज मांजराचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण वाचकांच्या पत्रांतून आणि दवाखान्यातल्या बोलण्यातून हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. स्वतःची तपासणी झाली, औषध घेऊन झाले, की दाराशी थांबून हळूच विचारतात, ‘‘डॉक्टर, आमच्या मनीला तीन आठवडे झाले, पातळच होतंय. आपली जुलाबाची गोळी अर्धी करून दिली तर चालेल का?’’

उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. पण नुसते ‘नाही’ म्हणून कोणाचे समाधान होत नाही आणि मांजराचे जुलाबही थांबत नाहीत. म्हणून का नाही आणि मग काय करायचे, हे आज सविस्तर पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी माणसांचा डॉक्टर आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ अन्वये जनावरांवर औषधोपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळे मांजराला द्यायच्या एकाही औषधाची मात्रा या लेखात सापडणार नाही. तरीही दोन कारणांनी हा विषय माझ्याही अखत्यारीत येतो. एक म्हणजे, मांजराला चुकीचे औषध जाते ते बहुधा आम्ही माणसांसाठी लिहून दिलेल्या गोळ्यांच्या डब्यातूनच. दुसरे म्हणजे, मांजराचे जुलाब घरातल्या लहान मुलांशी, गरोदर स्त्रियांशी आणि वृद्धांशी संबंधित असू शकतात.

चिवट जुलाब कशाला म्हणायचे?

मांजराने कुठे उंदीर खाल्ला, लग्नघरातले काही तेलकट चाटले, तर एखाद-दुसरा दिवस पातळ शी होते. मांजर खेळते आहे, खाते आहे, उलट्या नाहीत, तर असे जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. लहान मुलांच्या बाबतीत १४ दिवस किंवा अधिक चाललेल्या जुलाबांना आम्ही चिवट अतिसार म्हणतो. मांजरांच्या बाबतीत पशुवैद्यक साधारण तीन आठवड्यांची रेघ ओढतात. ही रेघ ओलांडली की ‘काहीतरी खाल्लं असेल’ हे उत्तर पुरत नाही. मध्ये चार दिवस बरे आणि पुन्हा चार दिवस पातळ, असे चालले असेल तरी ते चिवटच समजावे.

जुलाब हा रोग नव्हे, लक्षण आहे. तापासारखेच. त्यामागचे कारण सापडेपर्यंत जुलाब बंद करणारी गोळी म्हणजे घरात धूर झाला असता डोळे मिटून बसण्यासारखे आहे.

सुरुवात दुधापासून करा

आपल्याकडे मांजर आणि दूध यांची जोडी इतकी घट्ट आहे की, दूध बंद करा म्हटले की घरातल्या आजींना वाईट वाटते. पण दुधातली साखर, जिला लॅक्टोज म्हणतात, ती पचवणारा पाचकरस पिलाचे अंगावरचे दूध सुटले की कमी होत जातो. बऱ्याच मोठ्या मांजरांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथे ती आंबते, पोटात वायू धरतो आणि शी पातळ होते. मांजर मात्र दूध आवडीने पीतच राहते. आवडते म्हणून पचते असे नाही, हे आपल्यालाही लागू आहेच.

म्हणून पहिली गोष्ट अशी करा. आठवडाभर दूध, साय, दूधभात, दूध-बिस्किटे संपूर्ण बंद करा. पिण्यास स्वच्छ पाणी ठेवा. घरातल्या सगळ्यांना सांगा, शेजारच्या काकूंनाही सांगा, कारण मांजर एका घरचे नसते. कारण दूधच असेल, तर काही दिवसांत फरक दिसू लागतो. याला खर्च शून्य आहे.

शी पाहण्याची लाज वाटू देऊ नका

पशुवैद्यकांना सर्वांत उपयोगी पडणारी माहिती मालकाजवळच असते. माणसांच्या बाबतीत आम्ही जे विचारतो तेच इथे पाहायचे. आजार लहान आतड्याचा आहे की मोठ्या आतड्याचा, याचा अंदाज त्यावरून येतो.

लहान आतड्याचा बिघाड असेल, तर शी एका वेळी पुष्कळ होते, दिवसातून दोन-तीनदाच होते, पण मांजर वाळत जाते. अन्न अंगी लागत नाही. रक्त गेलेच तर शी डांबरासारखी काळी दिसते.

मोठ्या आतड्याचा बिघाड असेल, तर थोडी थोडी, वारंवार, घाईने आणि कुंथून होते. शेंबडासारखी आव पडते, क्वचित ताजे लाल रक्त दिसते. वजन मात्र बहुधा टिकून असते. एरवी नेमाने वाळूत जाणारे मांजर कोपऱ्यात किंवा पायपुसण्यावर घाण करू लागले, तर ते खोडी म्हणून नव्हे, त्याला धीर धरवत नाही म्हणून. त्याला मारू नये.

वजन करण्याची सोपी युक्ती आहे. मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. चार किलोच्या मांजराचे अर्धा किलो घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे साडेसात किलो घटण्यासारखे आहे. असा रुग्ण माझ्याकडे आला, तर मी त्याला तपासण्या केल्याशिवाय घरी पाठवणार नाही.

वयाप्रमाणे कारणे बदलतात

पिले आणि वर्षा-दीड वर्षाची मांजरे : इथे पहिला संशय जंतांचा. गोल जंत पिलांना आईच्या दुधातूनही मिळतात. पोट घागरीसारखे आणि पाठीची हाडे वर, असे पिलू दिसले की जंत धरून चालावे. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते चपट्या जंतांचे. हे जंत पिसवांमधून येतात, म्हणून पिसवांचा बंदोबस्त न करता नुसते जंताचे औषध दिले, तर दोन महिन्यांत पुन्हा तेच. याखेरीज जिआर्डिया, कॉक्सिडिया आणि ट्रायकोमोनास हे डोळ्यांना न दिसणारे परजीवी असतात. जंताच्या नेहमीच्या औषधाने ते सगळे जातातच असे नाही. ज्या घरात पाच-सात मांजरे एकत्र आहेत, तिथे हे अधिक.

मधल्या वयाची मांजरे : आहार न मानवणे हे इथले मोठे कारण. पुष्कळदा अनेक महिने खाल्लेला पदार्थच न मानवू लागतो. याच वयात आतड्याला दीर्घकाळ सूज येण्याचा विकारही आढळतो.

दहा वर्षांपुढची मांजरे : इथे ‘वय झालं आता’ म्हणून सोडून देणे सर्वांत धोक्याचे. माझ्या जुन्या रुग्णांपैकी एका निवृत्त शिक्षकांचा अकरा वर्षांचा बोका दोन महिने पातळ हगत होता. खात होता मात्र पूर्वीच्या दुप्पट, रात्रभर ओरडत फिरायचा आणि वाळून काठी झाला होता. गुरुजी म्हणाले, ‘‘भूक उत्तम आहे, म्हणजे काळजी नाही.’’ माणसात भूक वाढून वजन घटते, जीव बेचैन होतो आणि शौचाला वारंवार जावे लागते तेव्हा आम्ही थायरॉईड ग्रंथीचा विचार करतो. मी त्यांना तेवढेच सांगून पशुवैद्यकांकडे पाठवले. रक्ततपासणीत थायरॉईड वाढलेलाच निघाला. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार नवलाचा नाही आणि त्याला औषध आहे. बोका आज रोज गोळी घेतो. त्याचे जुलाब थांबले आहेत आणि अंगावर मांसही आले आहे. याच वयात आतड्याचा कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार हेही तपासावे लागतात. म्हातारपण हे जुलाबाचे कारण नसते.

तपासणीसाठी काय न्यावे?

ताजी शी स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या डबीत घालून शक्य तितक्या लवकर न्यावी. पशुवैद्यकांनी दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागितले तर कंटाळू नये. जिआर्डियासारखे परजीवी रोज शीतून पडत नाहीत, म्हणून एका नमुन्यात ‘काही नाही’ आले, तर ते खरोखर नाहीतच असे ठरत नाही. माणसांतही हाच अनुभव येतो. गरज पडल्यास रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करतात. लहान आतड्याचा आजार बरेच दिवस चालला, तर मांजराच्या अंगातले बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते. ते भरून काढल्याशिवाय इतर उपचारांचा गुण येत नाही, म्हणून पशुवैद्यक त्याचीही चौकशी करतात.

आहाराचा प्रयोग नीट करा

जंत व परजीवी नाहीत असे ठरल्यावर पशुवैद्यक बहुधा आहार बदलून पाहायला सांगतात. ज्याचे मांस मांजराने पूर्वी कधी खाल्ले नाही असा एकच मांसाहार, किंवा त्यासाठी तयार मिळणारे खास खाद्य द्यायचे आणि दुसरे काहीही नाही. आतड्याचा त्रास आहारामुळे असेल, तर साधारण दोन आठवड्यांत सुधारणा दिसते. हा प्रयोग फसतो तो घरच्यांच्या मायेने. ताटाखालचा बोंबलाचा तुकडा, मुलाने टाकलेले बिस्कीट, शेजारची सुकट, एवढ्याने पंधरा दिवसांचे पथ्य वाया जाते.

दोन-चार दिवस उकडलेली, हाडे काढलेली कोंबडी देणे ठीक. त्यात मीठ-मसाला नको आणि कांदा-लसूण तर मुळीच नको. कांद्या-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रोजच कोंबडी खाणाऱ्या मांजराला कोंबडीच न मानवणारी असू शकते, हेही ध्यानात ठेवा. शाकाहारी घरातले वाचक विचारतात, दहीभातावर ठेवले तर? जुलाबाच्या माणसाला दहीभात उत्तम, मांजराला नाही. मांजर निसर्गतःच मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांसातूनच मिळवावे लागते. ते कमी पडले की डोळे अधू होतात आणि हृदय दुबळे होऊन फुगते. हृदयाचा हा संबंध अमेरिकेतील पशुवैद्यकांनी १९८७ साली दाखवून दिला.

लंघनही नको. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून माणूस एक दिवस उपास करील. पण मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर यकृतात चरबी साठून कावीळ होते आणि ते जिवावर बेतते.

गोळ्यांचा डबा बंद ठेवा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणसाचे औषध मांजराला का चालत नाही? मांजराचे वजन कमी असते एवढेच कारण असते, तर गोळीचे तुकडे करून भागले असते. खरे कारण यकृतात आहे. कित्येक औषधे निकामी करून बाहेर टाकण्याची जी रासायनिक वाट माणसाच्या यकृतात आहे, ती मांजरात फार अरुंद आहे.

पॅरासिटॅमॉल : घरोघरी असणारी, तान्ह्या बाळालाही मापाने देता येणारी ही गोळी मांजराला विष आहे. पाचशे मिलिग्रॅमची पाव गोळी म्हणजे चार किलोच्या मांजराला किलोमागे ३१ मिलिग्रॅम. बाळाच्या मापाच्या ती दुपटीहून अधिक होते, आणि मांजरासाठी याचे सुरक्षित असे मापच नाही. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा व पंजे सुजतात, धाप लागते. आमच्या गावातील एका पशुवैद्यकांनी मला सांगितलेली हकीकत आहे. जुलाबाबरोबर अंग गरम लागले म्हणून एका मुलीने आपल्या मांजराला रात्री अर्धी गोळी मधातून चाटवली. सकाळी ते घेऊन आले तेव्हा करण्यासारखे फारसे उरले नव्हते. जुलाब साधे जंताचे होते. चुकून गोळी पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहता तत्काळ पशुवैद्यकांकडे धाव घ्यावी. यावर उतारा आहे, पण तो वेळेवर दिला तरच उपयोगी.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन व वेदनाशामके : मांजराच्या शरीरातून ती फार सावकाश जातात. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात.

लोपेरामाइड : जुलाब रोखणारी ही गोळी काही मांजरांना सुस्त न करता उलट पिसाळल्यासारखे करते. शिवाय जंतुसंसर्ग असता आतडे रोखून धरणे म्हणजे घाण आत कोंडणे.

मेट्रोनिडॅझोल आणि प्रतिजैविके : पशुवैद्यकही ही औषधे वापरतात, पण नेमक्या कारणासाठी, नेमक्या मापात. उरलेल्या पट्टीतून अंदाजाने दिल्यास आतड्यातले उपकारक जंतू मरतात, कधी मज्जासंस्थेला इजा होते आणि औषधाला न जुमानणारे जंतू घरात तयार होतात. ते जंतू मांजर आणि माणूस असा भेद करत नाहीत.

पिसवांसाठी कुत्र्याला लावायची परमेथ्रिनयुक्त औषधेही मांजराला कधीच लावू नयेत. त्याने झटके येऊन मांजर दगावते.

घरातल्या माणसांनी काय सांभाळावे?

सर्वच जुलाब मांजराकडून माणसाला लागत नाहीत. पण साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि काही प्रमाणात जिआर्डिया यांची देवघेव होऊ शकते. गोल जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात. तेव्हा एवढे पाळावे :

१. वाळूची पाटी रोज साफ करावी. शी कागदात गुंडाळून टाकावी, हात साबणाने धुवावेत.

२. मांजर ओट्यावर चढू देऊ नये. त्याची ताटली वेगळी ठेवावी व वेगळी घासावी. मुलांना जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावावी.

३. गरोदर स्त्रीने वाळूची पाटी दुसऱ्याकडे सोपवावी. करावीच लागली तर हातमोजे घालावेत. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या शीतून बाहेर पडतो, पण तो माणसाला बाधण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजची सफाई हाच उत्तम उपाय. कच्चे-अर्धे शिजलेले मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो येतो. तेव्हा सून गरोदर राहिली म्हणून मांजर पोत्यात घालून दूर सोडून येण्याचे काही कारण नाही.

४. घरात कर्करोगाचे उपचार चाललेली किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल, तर मांजराचे जुलाब एक दिवसही अंगावर काढू नयेत.

५. मुलाला आणि मांजराला एकाच वेळी जुलाब होत असतील, तर मुलाच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. मुलाला मात्र क्षारसंजीवनी लगेच सुरू करावी.

६. औषध पाजताना मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर हळद-चुना लावू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात यावे. मांजरापासूनही रेबीज होतो आणि एकदा लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही.

थांबू नये अशा खुणा

पुढीलपैकी काहीही दिसले, तर आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी मांजर दाखवावे : पिलाला जुलाबाबरोबर उलट्या व मरगळ (लस न टोचलेल्या पिलांत विषाणूजन्य आजार एक-दोन दिवसांत जीव घेतो), शीत पुष्कळ रक्त किंवा काळी शी, चोवीस तास अन्नाला तोंड न लावणे, हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा चिकट-कोरड्या होणे, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यास सावकाश खाली बसणे.

आणखी एक खूण विशेष लक्षात ठेवा. बोका वारंवार वाळूत बसतो, कुंथतो, ओरडतो आणि काहीच होत नाही, तर ते पोटाचे दुखणे नसून लघवी अडकलेली असू शकते. एक-दोन दिवसांत ते प्राणघातक ठरते.

पशुवैद्यकांकडे जाताना एका कागदावर एवढे लिहून न्यावे : मांजराचे वय, वजन, जुलाब कधीपासून, दिवसातून किती वेळा, रंग, आव की रक्त, काय काय खाते, जंताचे औषध आणि लसी कधी दिल्या, घरात आणखी कोणाला त्रास आहे आणि घरच्या घरी काय काय औषध देऊन झाले. शेवटचा मुद्दा लपवू नये. पशुवैद्यक रागावतील एखाद वेळ, पण त्या एका माहितीवर मांजराचा जीव वाचू शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते, तालुक्याला दवाखाना असतो. तिथे गाई-म्हशींबरोबर मांजरही नेता येते. झाकणाच्या टोपलीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात, खाली जुने कापड घालून न्यावे. मोकळे नेऊ नये, वाटेत कुत्रे दिसले की ते हातातून निसटते.

मुक्या जनावराला कुठे दुखते ते सांगता येत नाही. ते आपण पाहायचे, लिहायचे आणि जाणत्याला सांगायचे असते. मांजराच्या मालकाने करायचा मोठा उपचार तोच. गोळी कोणती द्यायची, ते पशुवैद्यकांना ठरवू द्या.